फौजेनं दिला नाही तो दादाचा कागद

मित्रांनो, महिनाभरानं आज नीट जेवलो आणि थेट बदनापूरच्या नेट कॅफेत आलो.

माझा मोठा भाऊ फौजेत आहे. बर्फातल्या ड्युटीनंतर त्याची झोपच उडाली, म्हणून तो दीड महिना मिलिटरी हॉस्पिटलात होता. लग्न जमवताना आम्ही हे सांगितलं नाही. मुलीच्या मामांनी मात्र महिन्यापूर्वी माहितीच्या अधिकारात फौजेकडं त्याचा रेकॉर्ड मागितला.

आज सुट्टीवर आलेल्या दादासोबत तीर्थपुरीला मुलीच्या घरी गेलो, तर मामांनी फौजेचं उत्तर पुढं टाकलं. ही खाजगी माहिती आहे, दुसऱ्या कुणाला देता येत नाही, असं त्यात लिहिलं होतं. माझ्या जिवात जीव आला, तेवढ्यात मामा म्हणाले, "जावईबापू, काही लपवून राह्यले का?"

"तुम्हाला देत न्हाईत मामा, पण मला देतात." दादानं स्वतः मागवलेला हॉस्पिटलचा कागद खिशातून काढून मुलीपुढं ठेवला.

तिनं तो शेवटपर्यंत वाचला. "आता झोप लागते का?"

"बराबर लागते."

"मंग मामा, तारीख काढा ना!"

दादाच्या जागी मी असतो तर तो कागद खिशातच ठेवला असता. तुम्ही काय केलं असतं?