आप्पांचा उजवा अंगठा

माझ्या धाकट्या बहिणीला मस्कतला मुलगा झाला. तो वीस दिवसांचा असताना तिनं मला त्याचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘अक्का, हा चालेल का?’

फोटो पासपोर्टासाठी होता. रामनगरात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. आखातात जाणारी आमच्या भागातली बरीच पोरं माझ्याकडून अर्ज भरून घेतात. त्यामुळे मला विचारणं तिच्या दृष्टीनं साहजिकच होतं. मागं पांढरं हवं, डोळे उघडे हवेत, तोंड मिटलेलं हवं, धरणाऱ्याचा हात दिसता कामा नये. वीस दिवसांच्या पोराकडून हे सगळं एका क्षणात व्हायला नशीबच लागतं. पहिल्या फोटोत त्याचे डोळे मिटलेले होते. दुसऱ्यात कोपऱ्यात तिची बांगडी आली होती. तिसरा मात्र अगदी बरोबर होता. पोरगं सरळ माझ्याकडं बघत होतं.

मी लिहिलं, ‘डाव्या गालावर सावली पडलीय. परत काढ.’

सावली नव्हती. तिनं परत काढला, मी तोही नाकारला. पुढचे चार-पाच दिवस हेच चाललं. तिचे टाके अजून भरले नव्हते. पलंगावर चादर अंथरून, स्टुलावर चढून ती फोटो काढत होती, हे तिनंच मला हसत सांगितलं. तिचा फोटो आला की मी लगेच बघायची आणि दोन तासांनी उत्तर द्यायची. शेवटी जो मी पास केला, तो तिसऱ्यापेक्षा वाईट होता.

हे मी का केलं, त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

आई गेली तेव्हा मी एकवीस वर्षांची होते आणि ती बारा. तिच्या वेण्या मी घातल्या, तिला शाळेच्या बसपर्यंत मी सोडलं. भाताची लावणी, कापणी, आप्पांचा डबा, सगळं माझ्याकडं आलं. मला एकतिसावं लागलं तेव्हा खानापूरकडचं एक स्थळ आलं. मुलगा दोनदा येऊन गेला. दुसऱ्या वेळी तो माझ्याशी परसात दहा मिनिटं बोलला, लग्नानंतर दुकान चालू ठेवायचं का, असं त्यानं मला विचारलं. त्याआधी मला कुणी असं काही विचारलं नव्हतं. सुपारी फोडायचा दिवस ठरला.

त्याच आठवड्यात बहीण घर सोडून गेली. गणेशगुडीला जंगलातल्या एका लॉजवर ती हिशेबाचं काम बघायची. तिथं काळी नदीवर पाहुण्यांना राफ्टिंगला नेणारा एक मुलगा होता. तो आमच्यातला नव्हता. दोघांनी कचेरीत जाऊन लग्न केलं आणि दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं. खानापूरकरांचा निरोप आमच्या चुलत्यांकडं आला. एक पोरगी अशी निघाली तर दुसरीचं काय सांगावं, असं ते म्हणाले. मी निरोप ऐकला आणि म्हशीला पाणी दाखवायला गेले. पुढं दुसरं स्थळ आलं नाही.

बहिणीला मी एका शब्दानं बोलले नाही. तिला वाटलं मी मोठ्या मनाची आहे. वर्षभरानं तिचा नवरा ड्रायव्हर म्हणून मस्कतला गेला, मागोमाग ती गेली.

दोन वर्षांनी आप्पा अंगणात भात वाळत घालताना पडले. अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली आणि जीभ गेली. त्यांना सगळं समजायचं, पण तोंडातून फक्त ‘आ... बा...’ असा आवाज यायचा. त्याचा अर्थ मला लागायचा. पाणी, ऊन, लघवी, कूस बदल. घरी कुणी आलं की आप्पा आवाज काढायचे आणि ते काय म्हणतात हे मी सांगायची. तीन वर्षं त्यांना मी न्हाऊ घातलं, भरवलं, पुसलं.

बाळ झाल्यावर बहीण रोज संध्याकाळी पाच वाजता व्हिडिओ फोन करायला लागली. मी फोन त्यांच्यापुढं धरायची. नातू दिसला की आप्पा हसायचे आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं. डाव्या हातानं ते काच कुरवाळायचे. माझ्यावरून त्यांनी असा हात फिरवल्याचं मला तरी आठवत नाही. फोन धरून माझा दंड भरून यायचा आणि मी त्या हाताकडं बघत राहायची.

पासपोर्टाचं काम असं होतं. बहिणीचा स्वतःचा पासपोर्ट लग्नाआधीचा, त्यावर नवऱ्याचं नाव नव्हतं आणि पत्ता आमच्या घरचा. बाळाच्या अर्जाआधी तिला आपला पासपोर्ट नवऱ्याच्या नावासह नवा करून घ्यायचा होता. तिनं दोन्ही अर्ज एकदम दिले. तिच्या अर्जाची चौकशी इथल्या पोलिसांकडं येणार आणि ती नीट झाली की बाळाचं काम पुढं सरकणार. तोवर कागदावर बाळ कुठल्याच देशाचं नव्हतं. तिथं राहायचा परवाना नाही, इकडं यायची सोय नाही. चौकशीचा अहवाल वाईट गेला तर काय होतं, हे मला पक्कं माहीत होतं. अशी अडकलेली कामं घेऊन माणसं माझ्या दुकानात येऊन बसायची.

गणपती होऊन गेले होते, भात पोटरीला आलं होतं. दुपारी मी ओट्यावरच्या खाटेवर आप्पांना पेज भरवत होते, तेव्हा पोलीस मोटारसायकलवरून आला. वयस्क, सभ्य माणूस. पायताण काढून तो ओट्यावर बसला. आमच्या भागात सरकारी काम कन्नडमध्ये चालतं आणि कन्नड आप्पांनाही समजायचं. कन्नडमध्ये बहिणीचं नाव वाचून त्यानं विचारलं, ही तुमच्याच घरची ना? पत्ता हाच ना?

आप्पांनी नाव ऐकलं आणि डावा हात खाटेवर आपटायला लागले. ‘आ... आ...’ त्यांचा सगळा चेहरा होकार देत होता. दोन महिन्यांपासून ते याच पोलिसाची वाट बघत होते, कारण तो येऊन गेला की नातू येणार, असं बहिणीनं त्यांना सांगितलं होतं.

पोलिसानं मला विचारलं, काय म्हणतात?

माझ्या हातात पेजेचा चमचा होता. मी आधी काही ठरवलं होतं असं नाही. पण अडखळलेही नाही. मी कन्नडमध्ये म्हणाले, ‘ते म्हणतात, तिचं नाव काढू नका. ती इथं राहत नाही. ती कुठं असते, कुणाबरोबर असते, आम्हाला माहीत नाही.’

आप्पा थांबले. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग आधीपेक्षा जोरात आवाज काढायला लागले, मान हलवायला लागले, लाळ गळायला लागली. पोलीस कळवळून म्हणाला, फार राग आहे यांच्या मनात.

‘व्हय,’ मी म्हणाले. ‘तिनं घराचं नाव घालवलं.’

त्यानं जबाब लिहिला. वडिलांचा अंगठा लागेल म्हणाला आणि शाईचा पॅड काढला. डाव्या हाताची मूठ आप्पांनी आवळून पोटाशी धरली. मी ती सोडवायचा प्रयत्न केला. त्या हातात अजून चांगलीच ताकद होती.

‘उजवा चालेल का?’ मी विचारलं.

चालेल म्हणाला. उजवा हात पांघरुणावर पडलेला होता. मी तो उचलला, अंगठा शाईवर दाबला, कागदावर दाबला. त्या हाताला काही करता येत नव्हतं. पोलीस गेल्यावर मी ओल्या फडक्यानं शाई पुसली आणि उरलेली पेज भरवायला बसले. आप्पांनी तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उघडलं नाही. मग भूक लागली आणि उघडलं. भरवणारी मीच होते.

महिन्याभरानं बहिणीचा फोन आला. पाचच्या आधीच, मी दुकानात असताना. तिचा आवाज फुटत होता. ‘अक्का, चौकशीत नाकारलंय. घरच्यांनी नाकारलं म्हणतात. कोण बोललं पोलिसाला?’

‘आप्पा.’

‘आप्पांना बोलाय येतं कुठं?’

‘खुणेनं सांगितलं. अंगठा दिला.’

मागं पोरगं रडत होतं. मग तिनं एवढंच विचारलं, ‘मग रोज फोनवर हसतात ते?’

मी म्हणाले, ‘पोराला हसतात. तुला न्हाई.’

हे वाक्य मला आधी सुचलेलं नव्हतं. पण ते बरोबर जागी लागलं, हे मला तिच्या श्वासावरून कळलं. दुकानात एक बाई आधार कार्डाची प्रत काढायला उभी होती. मी फोन ठेवून तिची प्रत काढून दिली.

त्या संध्याकाळपासून पाचचा फोन बंद झाला. आप्पांना कुणी काही सांगितलं नाही. पाच वाजले की ते मान वळवून फोनकडं बघायचे. साडेपाच-सहापर्यंत बघायचे. मग माझ्याकडं. त्यांना काय म्हणायचंय ते मला समजायचं. मी दिवा लावायची, भाकरी टाकायची. एकदा त्यांनी डाव्या हातानं माझा पदर धरला आणि सोडेनात. मी बोटं एकेक करून सुटी केली. थंडीभर हे चाललं. होळीनंतर आठवड्यानं, सकाळी अंघोळ घालायला गेले तेव्हा ते गेलेले होते.

चुलतभावानं बहिणीला कळवलं. तिला येता आलं नाही. तिचं काम अडकलेलं, बाळाचं तर हललंच नव्हतं, आणि दूध पिणारं पोर ठेवून ती एकटी कुठं येणार. शेवटचं तोंड तरी दाखव, असा तिचा निरोप आला. मी फोन लावला नाही. रेंज नव्हती, असं पुढं सांगितलं. कॅसलरॉककडच्या आमच्या भागात रेंज कधीही जाते हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे कुणाला खोटं वाटलं नाही.

तिच्या सासऱ्यांनी खटपट केली. लग्नाचा दाखला काढला, गणेशगुडीचा पत्ता देऊन पुन्हा चौकशी करवून घेतली. सासरी सगळ्यांनी ही आमची सून आहे म्हणून सह्या केल्या. आधी तिचा पासपोर्ट आला, मग पोराचा. पोरगं तोवर चालायला लागलं होतं. फोटो नवा काढावा लागला, कारण जुन्यातला चेहरा त्याचा राहिलाच नव्हता.

पुढच्या वर्षी मे महिन्यात ती आली. सासरी उतरली आणि एक दिवस जीप करून पोराला घेऊन आमच्याकडं आली. वाळली होती. ओट्यावर येऊन तिनं आधी आप्पांची खाट कुठं होती ते विचारलं. मी जागा दाखवली. तिथं ती पोराला मांडीवर घेऊन बसली. मी डाळभात वाढला. ती पोराला एकेक घास भरवत होती, स्वतः खात नव्हती. पोरगं माझ्याकडं टकमक बघत होतं. नाक आप्पांचं होतं.

इकडचं तिकडचं बोलून झालं. मग ती म्हणाली, ‘अक्का, लई दिवस मी आप्पांवर चिडून होते. ते गेले तवा रडाय पण येईना. आता न्हाई. त्यांचा राग बरोबर होता. मीच त्यांना दुखवलं होतं. मी माफ केलंय त्यांना, आणि देवापुढं माफी मागितलीय.’

तिचा चेहरा शांत होता. एवढं सगळं होऊनही आप्पा पुन्हा तिचे झाले होते. मला ते बघवलं नाही. खरं सांगायचं तर सांगण्यामागं हेच कारण होतं, दुसरं नाही.

‘आप्पा न्हाई,’ मी म्हणाले. ‘मी सांगितलं पोलिसाला. आप्पा व्हय म्हणत होते. अंगठा मी धरून लावला.’

तिनं पोरापुढचं ताट बाजूला सारलं. मग विचारलं, ‘त्यांना समजलं होतं?’

‘सगळं.’

‘आणि मी फोन बंद केला, तवा?’

‘रोज पाच वाजता वाट बघायचे.’

मला वाटलं होतं ती ओरडेल, अंगावर येईल. मी खांबाला धरून तयार उभी होते. तिनं पोराचं तोंड पदरानं पुसलं. त्याच्या पायांत पायताण घातलं, एक उलट पायात गेलं ते काढून पुन्हा नीट घातलं. उभी राहिली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, ‘मी कशीबशी मोकळी झाले होते, अक्का. तेवढं तरी ठेवायचं होतंस.’

जीपच्या ड्रायव्हरनं हॉर्न दिला नाही, काही नाही. ती चालत गेली, पोराला उचलून आत बसवलं आणि गेली. तिनं मागं वळून पाहिलं की नाही, हे मला सांगता येणार नाही, कारण मी आत आले होते.

त्यानंतर तिचा फोन आला नाही, मीही केला नाही. चुलतभावाकडून कळतं, सगळी बरी आहेत.

त्या दुपारी ती गेल्यावर ओट्यावर पोराचं ताट तसंच पडलं होतं. निम्मा डाळभात शिल्लक होता. सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं. मी तिथंच बसले आणि तो सगळा खाल्ला.