पुराव्याने वाचलेलं पान

माझ्या बापाची बोटं रानटी आहेत, असं मी भर सभेत सांगितलं. पाठ करून सांगितलं. हातवारे करून सांगितलं. आणि वर टाळ्या घेतल्या.

आता माझे दात पडलेत, त्यामुळे हे सांगताना जीभ चावायचीही सोय राहिली नाही. तेव्हा सरळ सांगते.

चौदा वर्षांची होते. दोन वेण्या, लाल रिबिनी, आणि डोक्यात नुसती हवा. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. डिलाईल रोडला आमच्या चाळीच्या भिंतीभिंतीवर चुन्याने घोषणा रंगवलेल्या. आम्ही नुकतेच बौद्ध झालो होतो. आणि मी गिरगावातल्या हॉलवर वक्तृत्वाला जाणारी आमच्या मजल्यावरची पहिली मुलगी. आठवडाभर मी चाळीत कोणाशी बोलत नव्हते, फक्त उच्चार करत होते. आईला 'आये' सोडून 'मातोश्री' अशी हाक मारली, तर तिने लाटणं दाखवलं.

माणसाचा सगळा इतिहास, गुहेपासून गिरणीपर्यंत, एका पुस्तकात बसवणारे एक लेखक तेव्हा फार गाजत होते. स्पर्धा त्यांच्याच पुस्तकावर, आणि परीक्षकही तेच. कुठलंही पान निवडा, पाठ म्हणा. शाळेतल्या बाईंनी मला अग्नीच्या शोधाचं पान सुचवलं होतं. चांगलं पान होतं. त्यात कोणाचा बाप नव्हता.

पण मी शहाणी. मी चाळता चाळता गिरणीचं पान शोधून काढलं. छापील पुस्तकात आमची गिरणी! मी हुरळून गेले. पानावर काय लिहिलंय हे मी वाचलं, पाठ केलं, पण समजून घ्यायचं राहून गेलं.

पानावर लिहिलं होतं की निसर्गाने काही जमातींची बोटं नाजूक कामासाठी घडवली, काहींची राठ ठेवली. पुरावा हवा तर मुंबईच्या गिरणीत जा. साच्यावर, म्हणजे मागावर, उभं राहून कापड विणणं काही जातींना जमतं, काहींना जन्मात जमत नाही. त्या बिचाऱ्या रिंगखात्यात सूत काततात आणि तिथेच सुखी असतात. रानटी अवस्थेपासूनची सगळी वाटचाल एका गिरणीत दिसते.

'राठ' म्हणताना मी बोटं वाकडी करून दाखवली. लोक हसले. मी आणखी वाकडी केली.

शेवटच्या रांगेत बा बसला होता. रात्रपाळी करून, अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून आलेला. रिंगखात्यातला बा. टाळ्या पडल्या तेव्हा त्यानेही वाजवल्या.

लेखकांनी मला जवळ बोलावलं. पाठीवर हात ठेवायला गेले, मग ठेवला नाही.

"वडील काय करतात गं?"

"गिरणीत असतात."

"कुठल्या खात्यात? साचेखात्यात नसतील."

"नाही. रिंगखात्यात."

ते सभेकडे वळले. "बघा मंडळी! आज पुराव्यानेच पुस्तक वाचून दाखवलं."

केवढा हशा. मीही हसले. मला वाटलं, पुरावा म्हणवून घेणं म्हणजे काहीतरी मोठा मान असणार.

पहिला नंबर आला. बक्षीस पुढच्या आठवड्यात, शाळेत, लेखकांच्याच हस्ते मिळणार होतं.

घरी येताना बा पुढे चालत होता. भायखळ्यापर्यंत मी एकटीच वटवट केली. मग कुठेतरी माझ्या पायांना समजलं, डोक्याला नंतर. मी थांबले.

"बा, तुला साच्यावर जमत नाही?"

बा म्हणाला, "घरी चल."

घरी त्याने आयेच्या सुईतला दोरा काढून घेतला. सुईचं नाक तोंडाशी धरलं आणि ओठांनी हवा आत ओढून दाखवली. फुस्स.

"धोटा म्हायती हाय ना? साच्यावर इकडून तिकडं पळतो तो. त्यात सुताची कांडी असते. कांडी संपली का नवी घालायची, आन् धोट्याच्या भोकातनं सूत तोंडानं ओढून काढायचं. असं. दिवसातनं किती वेळा, गणती नाय. पाळी बदलली का दुसरा येतो, त्याच भोकाला तोंड लावतो."

"मग?"

"मग काय गो बाय? आपली थुकी त्यांना चालत नाय."

"आणि बोटं?"

"बोटं कोण इचारतंय?"

आणि मग त्याने ते सांगितलं, जे घरात मी कधीच ऐकलं नव्हतं. माझ्या जन्माआधी तो दुसऱ्या एका गिरणीत नाव बदलून बदली कामगार म्हणून साच्यावर उभा राहिला होता. पंधरा दिवस. मुकादमाने त्याचं कापड बाकीच्यांना दाखवलं होतं, असं विणा म्हणून. सोळाव्या दिवशी फाटकाशी गावचा एकजण भेटला आणि त्याने खऱ्या नावाने हाक मारली. झालं. सगळ्यांनी साचे बंद केले. बाला बाहेर काढला आणि धोटे धुऊन घेतले.

"पंधरा दिस त्यांनी माझी थुकी चाखली," बा म्हणाला. "कोण मेला नाय."

आये हसली. बा हसला नाही. मी तर कोपऱ्यात तोंड घालून बसले. दोन वेण्यांची गाढवीण.

त्या आठवड्यात मी पुस्तक दुसऱ्यांदा वाचलं. पहिल्यांदा पाठ करायला वाचलं होतं, आता पकडायला. हे तुम्हाला कोणी सांगितलं, असं प्रत्येक वाक्याला विचारत. शेवटी ग्रंथांची लांबलचक यादी होती. बहुतेक गोऱ्या साहेबांची नावं. गिरणीच्या पानाला तर त्यातलंही एक नाव नव्हतं. कामगार नाही, मुकादम नाही, फाटकावरचा भय्यासुद्धा नाही. माणूस आमच्या दारावरून गेला होता, आत डोकावला नव्हता, आणि आत काय आहे ते दहा हजार वर्षांच्या हिशेबाने सांगून मोकळा झाला होता.

मग मला भीती वाटली ती वेगळीच. हे एक पान मला तपासता आलं, कारण तिथे माझा बाप उभा होता. बाकीच्या पानांवर कोणाकोणाचे बाप उभे असतील?

बक्षीस समारंभात लेखकांनी आधी संयुक्त महाराष्ट्रावर भाषण केलं. गिरणीतला मराठी कामगार म्हणजे एक देह, एक प्राण. सगळ्यांनी घोषणा दिल्या. मीही दिली, आणि मनापासून दिली. मुंबई आम्हालाही हवी होती. मग माझं नाव पुकारलं. बक्षीस म्हणजे तेच पुस्तक, त्यांच्या सहीचं.

मी हात पुढे केला नाही.

"सर, तुम्ही साचेखात्यात कधी गेला होतात?"

"काय?"

"तुमचं गिरणीचं पान खोटं आहे. बोटांमुळे नाही, थुंकीमुळे घेत नाहीत. धोटा तोंडाने ओढायचा असतो. माझ्या वडिलांनी पंधरा दिवस विणलंय."

ते हसले. तेच हसू. "बाळ, अडाणी माणसांच्या ऐकीव गोष्टींवर इतिहास लिहीत नसतात."

"मग तुम्ही कोणाच्या ऐकीव गोष्टीवर लिहिलात?"

पुस्तक त्यांच्या हातातच राहिलं. मी खाली उतरले. कोणी टाळी वाजवली नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंनी कागद पुढे केला. "माफीचं पत्र लिही. नाहीतर तुला पुन्हा स्पर्धेला पाठवता येणार नाही."

मी पत्र लिहिलं. माफीचं नाही. पान नंबर, ओळ, आणि बाने सांगितलेलं सगळं. लेखकांच्या पत्त्यावर टाकलं. बाईंनी माझं नाव खोडलं. त्यानंतर त्या शाळेत मी एकदाही व्यासपीठावर चढले नाही.

उत्तर आलं नाही. दीड वर्षाने दादरच्या एका वाचनालयात त्या पुस्तकाची नवी आवृत्ती दिसली. मुखपृष्ठावर 'सुधारून वाढवलेली' असं छापलेलं. मी उभ्या उभ्या ते पान काढलं. अग्नीच्या पानात दोन नवी चित्रं होती. गिरणीचं पान जसंच्या तसं. एक स्वल्पविरामसुद्धा हलला नव्हता.

घरी येऊन मी रडले. आये दारात सुक्या बोंबलांची डोकी मोडत बसली होती. तिला अक्षर येत नव्हतं. तिने सगळं ऐकून घेतलं, हात थांबवला नाही, आणि म्हणाली:

"त्या मेल्याला तेच खोटं दुसऱ्यांदा छापायची लाज नाय वाटली, आन् तू रडतेस? ऊठ, पेन्सील घे. तुझा बा जिता हाय तवर त्याला समदं इचार आन् लिवून काढ. मागनं तुला कोण सांगल, तो लेखक?"