गुडमारचं पान आणि अण्णाची जिलबी

साखर गोड लागेनाशी झाली, म्हणून माझा भाऊ मेला.

आज वर्ष झालं.

अण्णा बिडकीनचा मंडपवाला. लग्न कुणाचंही असो, पंगतीत हा घरचा.

डायबेटिस निघाला तेव्हा गावानं औषधांचा आहेर केला. मेथीचं पाणी, कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, चहात दालचिनी. अण्णानं कुणालाच नाराज केलं नाही.

मग त्याला गुडमारचा वेल सापडला. तो त्यानं घरच्या कुंपणावर चढवला.

गुडमारचं पान चावलं की जिभेला गोड कळत नाही. थोडाच वेळ. पण तेवढ्यात पंगत उरकते.

अण्णा शर्टाच्या खिशात पानं घेऊन फिरायचा. शेजारी बसलेल्याला द्यायचा. "चाव. हां, आता जिलबी खा."

"अण्णा, ही तर माती लागायली!"

"मेली ना साखर? तोंडातच मेली. पोटात नुसतं मढं गेलं."

आणि स्वतः आणखी दोन मढी वाढून घ्यायचा.

मी संभाजीनगरहून फोनवर ओरडायचे, "अरे, जीभ बधिर झाली, रक्त नाही!"

"बाई, तू लोकांची टिंगल लिही. औषधाचं आमच्यावर सोड."

शेवटी मीच त्याला शहरात डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर भला माणूस. म्हणाला, "पाल्यात काहीतरी असेलही, त्यावर संशोधन चालू आहे. मेथी खा, कारलं खा. पण गोळ्या सोडू नका, आणि शुगर तपासत राहा."

अण्णा केबिनबाहेर आला आणि वहिनीला म्हणाला, "डॉक्टरच म्हनला, पाल्यात हाय."

एवढ्या बोलण्यातून नेमकं आपल्या सोयीचं उचलायचं, हे कसब आमच्या घराण्यात पिढीजात. मी त्यावर विनोदी लेख लिहून पोट भरते.

अण्णानं त्यावर जीव दिला.

गोळ्या बंद झाल्या.

पुढं एकदा मंडप सोडताना पायात खिळा घुसला. साखरेनं तळपाय बधिर झालेले, त्याला कळलंच नाही. वहिनीला फरशीवर रक्त दिसलं.

"दुखत नाय, म्हंजी काय झालं नाय."

तेच गणित. गोड लागत नाही, म्हणजे साखर नाही. दुखत नाही, म्हणजे जखम नाही.

जखमेत हळद भरली. पाय काळा पडला. पाय कापला, तोवर विष अंगभर गेलं होतं.

आयसीयूत माझा हात धरून म्हणाला, "बाई, खरं सांग. साखर मेली नव्हती का गं?"

मी त्याची चादर सारखी केली.

आज वर्षश्राद्धाचं जेवण झालं. शेजारचा केशव, त्यालाही शुगर, हात धुऊन थेट कुंपणावरच्या वेलाकडं गेला.

"वहिनी, चार पानं नेतो. अण्णाची आठवण म्हणून."

"गोळ्या घेता का, भावजी?"

"गोळ्यांनी किडनी जाती म्हणत्यात."

वहिनी उठली. भर अंगणात, सगळ्या भावकीसमोर म्हणाली, "खाली बसा. तळपाय दाखवा."

केशव हसला. ती हसली नाही. त्यानं पाय वर केला.

टाचेच्या भेगेत बाभळीचा काटा मोडलेला. भोवती पू. त्याला पत्ताच नव्हता.

 वहिनी माझ्याकडं वळली.

"वन्सं, गाडी काढा."

हे मी दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. केशव आत आहे. वहिनी दाराशी उभी आहे. बस म्हटलं तर बसत नाही.

अण्णा, तिकडं सुखात राहा. तुझी लई आठवण येते.