वायोमिंगचे दगडफूल

कोणतीही वस्तू हाती आली की काकू डोळे मिटून ती प्रथम नाकाशी नेत. "नाक फसवत नाही," हे त्यांचे ठरलेले वाक्य. मी लिहिलेला अर्जही त्यांनी आधी हुंगला आणि मगच वाचला.

वाचकहो, वायोमिंगमधील आमच्या गावी मराठी मंडळींचे अर्ज लिहिण्याची जबाबदारी माझ्याकडे असते. मुलाकडे आलेल्या या काकूंना सुनेच्या बाळंतपणापर्यंत मुक्काम वाढवून हवा होता.

माळावर वाऱ्यासरशी लोळत येऊन कुंपणाशी साचणारे पोपटी-करडे झुबके त्यांना फिरताना दिसले. हुंगून त्या हरखल्या. "आपलं दगडफूलच हे. फक्त दगडाला धरून बसत नाही, इथल्या माणसांसारखं हिंडतं." ते परतून त्यांनी गोड्या मसाल्यात कुटले.

पाडव्याला मसालेभात झाला. गरोदर सुनेने तो दोनदा वाढून घेतला. मीही पंक्तीस होतो.

इतक्यात शेजारचा गोपालक दाराशी आला. त्याच्या गायी माळावर बसल्या होत्या त्या उठेचनात. नजर तरतरीत, चाराही खात, परंतु मागचे पाय गेलेले. त्या झुबक्यांमुळेच हे झाले, असे जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितले होते; तेव्हा तुमचा कुत्रा तिकडे सोडू नका, एवढेच तो बजावू लागला. मग खिडकीतल्या ताटात वाळत घातलेले झुबके त्याला दिसले आणि त्याने त्या ताटाकडे बोट दाखवले.

मुलाने विषबाधेच्या मदतकेंद्राला फोन लावला. चिमूटभराने बहुधा काही होणार नाही, मात्र पाय अशक्त वाटल्यास थेट हॉस्पिटल गाठा, असे उत्तर मिळाले. त्या 'बहुधा'ने काकूंचा चेहरा पांढरा पडला.

त्यांनी सुनेला उठवले आणि हॉलमध्ये चालवू लागल्या. नजर तिच्या टाचांवर.

"आई, आय ॲम फाइन. बसू द्या ना आता."

"बसू नकोस गं. अजून एक फेरी."

मी टेबलाखाली पायांची बोटे हलवून पाहत होतो.

अखेरीस काकूंचेच पाय लटपटू लागले, ते भीतीने. सुनेनेच त्यांना धरून बसवले. कोणालाही काही झाले नाही. तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सांगितले, "अर्ज राहू द्या. माझ्या हातचं आता तिच्या पोटात नको." सुनेने विनवले, मुलगा रागावला; त्या बाळंतपणाआधीच साताऱ्याला परतल्या.

नात झाली. व्हिडिओ कॉलवर सारे तिचा चेहरा दाखवत, काकू म्हणत, "पाय दाखव."

परवा मी तिथे असतानाच नात सोफा सोडून फोनच्या दिशेने चालत आली. पलीकडून फक्त नाक ओढल्याचा आवाज आला. पडद्यावर केवळ साताऱ्याच्या स्वयंपाकघराचे छत आणि फिरता पंखा दिसत होता. काकूंनी फोन ओट्यावर उताणा ठेवला होता.