शिळं पाणी

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. आलं, की आधीचं साठवलेलं पाणी शिळं म्हणून लोक मोरीत ओतून देतात. मीही ओतायचे. मिस्टर गेले त्या उन्हाळ्यात एकदा अशीच ओतत होते, तर दाराची बेल वाजली. तापमानवाढीविरुद्ध काम करणाऱ्या एका गटातले रिक्षावाले चाचा आले होते. म्हणाले, "ताई, शिळं पाणी फेकू नका की. रस्त्याकडेच्या रोपांना घालतो."

पाणी दिलं आणि मागोमाग मीही गेले. घरात बसून करणार तरी काय होते? मग दर पाण्याच्या दिवशी आमच्या जुळे सोलापूर भागातल्या आम्ही बायका कॅन मांडीवर घेऊन चाचांच्या रिक्षात कोंबून बसायचो. साड्या भिजायच्या, भांडणं व्हायची. त्याच रिक्षात मी कितीतरी महिन्यांनी मोठ्यानं हसले.

आम्ही पाणी घातलेले कडुलिंब डोक्याच्या वर गेले आणि रस्ता रुंद करायचं काम निघालं. एका सकाळी जेसीबीनं सगळे उपटले. फुटभर सावलीसाठी रोज तिथंच गाड्या लावणारे मेले गप्प बघत राहिले. त्यांचा राग माझ्या मनातून अजून जात नाही.

पुढचा पाण्याचा दिवस आला. शिळ्या पाण्याचा कॅन मी मोरीपाशी नेला, पण ओतवेना. तेवढ्यात बेल वाजली. दारात चाचा, मागं जिन्यात सगळ्या बायका, प्रत्येकीच्या हातात भरलेला कॅन. कुठं जायचं, ते कुणालाच माहीत नव्हतं.