काळ्या चष्म्यातले कांदेपोहे

सध्या आमच्या गावात डोळ्यांची साथ आहे. औषधांच्या दुकानासमोर काळ्या चष्म्यांची रांग लागते आणि अख्खं गाव सिनेमातल्या खलनायकांसारखं दिसतं. ती रांग पाहिली की मला माझ्या भाच्याचं, सतीशचं, मुलगी बघणं आठवतं.

तेव्हाही अशीच साथ होती. सतीश काळा चष्मा लावून कोचावर ताठ बसला होता. मुलीच्या वडिलांनी मला हळूच विचारलं, "मामा, मुलगा तिरळा नाही ना?"

मी सतीशला चष्मा काढायला लावला. त्याचे लालभडक डोळे दिसताच दोन्हीकडची मंडळी अंगणात पळाली. तेवढ्यात मुलगी पोहे घेऊन आली. तिच्याही डोळ्यांवर काळा चष्मा.

"तिचे आज सकाळीच आलेत हो," वडील पुटपुटले.

माणसांनी प्लेग पाहिला, पटकी पाहिली, देवी पाहिल्या. प्लेगात लोक माळावर झोपड्या बांधून राहिले आणि तिथेही रुसवेफुगवे करून लग्नं लावली. साथीला माणसांची ही खोड कधीच मोडता आली नाही.

सतीशच्या वेळी मुलामुलीला एकटं बोलू देत नसत. इथे मात्र आजारी दोघं गारव्यात आणि धडधाकट माणसं उन्हात. आतून हसणं ऐकू आलं. वडील कासावीस झाले.

"आत जाऊन बसू का, मामा?"

"बसा की. उद्या चष्मा लागेल."

ते जागचे हलले नाहीत. थोड्या वेळानं आतून मुलीचा आवाज आला, "बाबा, आमचं ठरलंय. तुम्ही तारीख बघा."