लॅपटॉपच्या पोटातला आवाज

धामणगाव बढ्यात इंद्रभान तायडे कुठे राहतात असं विचारलं, तर माणसं डोकं खाजवतात. माईकवाले इंद्रभानभाऊ म्हटलं, की चहाच्या टपरीवरचे चौघे एकदम चार दिशांना हात करतात आणि त्यातली एक बरोबर असते. मोताळा तालुक्यात जे काही मोठ्यानं बोललं गेलं, ते वर्षानुवर्षं याच माणसाच्या भोंग्यातून बोललं गेलं. भीमजयंतीची मिरवणूक, रोहिणखेडच्या लग्नातली कव्वाली, सरपंचांची भाषणं, हरवलेल्या म्हशी आणि सापडलेली पोरं. "हॅलो, चेक, चेक, माईक टेस्टिंग" हे शब्द ते इतक्या तन्मयतेनं म्हणत, की पुढच्या वक्त्याचं भाषण त्यामानानं पडायचं.

विद्या त्यांची स्वतःची होती. आवाज म्हणजे पाणी आणि वायर म्हणजे पाट. पाणी येत नसलं तर पाट धरून मागं मागं चालत जायचं, कुठंतरी फुटलेला सापडतोच. नाहीच सापडला तर अँप्लिफायरला डाव्या बाजूनं एक थाप द्यायची. या शास्त्रावर त्यांचा संसार चालला, मुलगी महामाया नर्सिंग शिकली आणि थेट ऑस्ट्रेलियात मेलबर्नला जाऊन पोहोचली.

भाऊंच्या घरी कॅसेटींचा एक मोठा पत्र्याचा डबा आहे. डिपॉझिट जप्त झालेल्या उमेदवारांचे आवाज त्यात सुखरूप आहेत. नाही तो फक्त एका माणसाचा आवाज, भाऊंच्या बायकोचा.

रुख्मिणीबाईंना माईकचं वावडं होतं. एरवी त्या गल्लीच्या या टोकाहून त्या टोकाला विनावायर ऐकू जात, पण माईक दिसला की घशात खडा बसे. महामाया लहान असताना त्या तिला निजवायला एक गाणं म्हणत. कुणाचं नव्हे, त्यांचं स्वतःचं. भाऊंनी एकदा उतरंडीच्या मडक्यांमागे माईक लपवून ते पकडायचा घाट घातला. बाईंना वायर दिसली. त्यांनी काही न बोलता तिच्यावर दोन लुगडी आणि एक टॉवेल वाळत घातला. तेव्हापासून भाऊ म्हणत, "गाईन ती कधीतरी. कुठं पळून चालली?"

आणि मग मागच्या उन्हाळ्याआधीच्या उन्हाळ्यात त्या गेल्या.

दर रविवारी दुपारी, म्हणजे मेलबर्नमध्ये दिवेलागण होऊन गेल्यावर, महामायाचा व्हिडिओ कॉल येतो. एका रविवारी तिनं बोलता बोलता भाऊंच्या नातीला, यशूला, मांडीवर आडवं केलं आणि थोपटत थोपटत तेच गाणं धरलं. भाऊ ऐकतच राहिले. चाल तीच. दुसऱ्या ओळीनंतर श्वास घेताना रुख्मिणीबाईंच्या गळ्यातून जो एक बारीक उसासा निघे, तोसुद्धा तोच.

नीज वो माये, नीज वो मैना,
कापसाची केली तुले गादी...

इथं महामाया थांबली. "पुढचं काय होतं बाबा? शेवटचं येते मले, 'वायर गुंडाळ म्हणा आधी'. मधातली एक ओळ आठोतच नाई. तिथंच माहा डोळा लागत असन, अन् शेवटाले पुन्हा उघडत असन."

"मले काय माहीत, बाई," भाऊ म्हणाले. खरंच माहीत नव्हतं. "पन पुन्हा म्हन बरं. मी रेकॉर्ड करून घेतो."

एवढं ऐकलं आणि पोरीनं पाठ ताठ केली, घसा साफ केला आणि आकाशवाणीवर बातम्या द्याव्यात तसा आवाज काढला. मग स्वतःच हसली. "जाऊ द्या ना बाबा. मले नाई जमत असं." ती आईचीच मुलगी होती, त्याला कोण काय करणार?

म्हणजे तिच्या नकळतच घ्यायला हवं होतं, आणि घाईही होती. यशू मोठी होत चालली होती. मागच्याच खेपेला तिनं "नो साँग" असं इंग्रजीत बजावलं होतं. अजून काही महिने, मग गाणं मांडीवरून उतरणार आणि पुन्हा कुणाच्या तोंडी यायचं कारणच उरणार नाही.

महामायाचा कॉलेजातला लॅपटॉप घरीच होता. भाऊंनी गळ्यात घालायचा ब्लूटूथ घेतला होता, तो ते नव्या जावयानं सोन्याची साखळी मिरवावी तसा शर्टाच्या बाहेर मिरवत. पुढच्या रविवारी त्यांनी लॅपटॉपवरचं रेकॉर्डर चालू केलं, ब्लूटूथ कानात घातला आणि चोरासारखा चेहरा करून कॉल घेतला. महामाया गायली. कॉल संपल्यावर भाऊंनी दार लावून घेतलं आणि रेकॉर्डिंग लावलं.

"हाव... हाव... जेवली का?... हाव... काऊन?... थंडी हाय का तिकडं?... हाव... हाव..."

मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा, "हाव."

अर्ध्या तासाच्या रेकॉर्डिंगमध्ये लेकीचा एक शब्द नव्हता. सगळे इंद्रभानच इंद्रभान. स्वतःच्या बोलण्यात एवढे होकाराचे 'हाव' असतात हे त्यांना पहिल्यांदाच कळलं, पण तो शोध लावायला ते बसले नव्हते.

पुढल्या खेपेला त्यांनी ब्लूटूथ काढून ठेवला आणि लॅपटॉपचा स्पीकर मोकळा सोडला. शेजारच्या जयमालाबाईंची पिठाची गिरणी त्याच वेळी सुरू झाली. रेकॉर्डिंगमध्ये ज्वारी दळल्याचा आवाज अप्रतिम आला होता. एका बकरीनंही मनापासून साथ दिली होती. महामाया मात्र विहिरीच्या तळाशी बसून बोलल्यासारखी, एक शब्द वर, तीन पाण्यात.

मग भाऊंनी ठेवणीतलं शास्त्र बाहेर काढलं. लॅपटॉपच्या बाहेर येणाऱ्या आवाजाला वायर लावायची आणि तिचं दुसरं टोक माईकच्या भोकात घालून पाणी पुन्हा आत वळवायचं. दोन्हीकडे पिन असलेली वायर त्यांनी डब्यातून शोधून काढली आणि लॅपटॉप उलटापालटा करून पाहिला. भोक एकच होतं. आत जायचं आणि बाहेर यायचं एकाच दारानं. भाऊ बराच वेळ त्या एका भोकाकडं आणि हातातल्या दोन पिनांकडं आळीपाळीनं पाहत राहिले. शेवटी त्यांनी लॅपटॉपला डाव्या बाजूनं एक थाप दिली. लॅपटॉप बंद पडला.

बसस्टँडजवळ नौशादचं मोबाईल आणि लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. त्याचे वडील गुलाम रसूल भाऊंच्या भोंग्यांची गाडी हाकायचे, त्यामुळे नौशाद भाऊंच्या गाडीत, भोंग्यावर बसूनच मोठा झाला. हक्क दोन्ही बाजूंनी होता.

"ठोकला ना, काका?" लॅपटॉप पाहताच नौशाद म्हणाला.

"हळूच ठोकला."

"अँप्लिफायर हाय का हा?"

"आवाज येते ना त्यातून? मंग झाला अँप्लिफायर. तू बोलू नोको, पाह्य."

नौशादनं पाहिलं. लॅपटॉप लगेच सुरू झाला, पण खोट निराळीच होती. "काका, तुमचं रेकॉर्डर माईकचं ऐकून राह्यलं. तुमाले आतून वाजते ते पाह्यजे. त्याच्यासाठी साउंड कार्डात स्टिरिओ मिक्स म्हणून एक वाट असते. इथं ती लपवून ठेवली हाय."

"कोनी लपवली?"

"कंपनीनंच."

"काऊन? माह्या पोरीचा आवाज, माह्या घरात, माह्या कानात. यायच्या बापाचं काय चाललं?"

 नौशादनं कार्डाचा मूळ ड्रायव्हर नव्यानं टाकला, बंद उपकरणांच्या गर्दीतून स्टिरिओ मिक्स शोधून चालू केलं आणि एक गाणं लावलं. रेकॉर्डरची हिरवी पट्टी जागची हलली नाही. पुन्हा लावलं. पट्टी मेल्यासारखी पडून. नौशादनं सगळं तपासलं, लॅपटॉप बंद करून चालू केला, दोन चहा मागवले. मग त्याचं लक्ष भाऊंच्या गळ्याकडे गेलं. गाणं ब्लूटूथमधून भाऊंच्या कानात मजेत वाजत होतं आणि भाऊ मान डोलावत होते.

"काका, आवाज तुमच्या गळ्यातून चालला. कार्डाकडं गेलाच नाई. मंग त्यानं पकडावं काय?"

"म्हंजे पाटच बदलला म्हन की," भाऊ म्हणाले आणि साखळी उतरवून खिशात घातली. वायरचे इयरफोन लावले तशी हिरवी पट्टी उड्या मारायला लागली.

काम झालं होतं. पण नौशादला जुन्या रेकॉर्डिंगमध्ये नेमकं काय आलं होतं ते पाहायचं होतं, म्हणून त्यानं ती सगळ्या 'हाव'ची फाईल दुकानातल्या मोठ्या स्पीकरवर लावली. बोलणं संपून मधला तो लांब रिकामा भाग आला. "इथं काहीतरी हाय," म्हणत त्यानं आवाज वाढवत नेला.

स्पीकरमधून कुणीतरी गुणगुणत होतं. आवाज घोगरा आणि बेसूर, अगदी गळ्याशी चिकटलेला. त्यात शब्दही होते.

चांद आला वर, बाप नाही घरी...

"हे तर तुमीच गाऊन राह्यले, काका."

"मी नाई बे. मी जिंदगीत कधी गायलो?"

नौशादनं पुन्हा लावलं. भाऊंनी पुन्हा ऐकलं. आवाज त्यांचाच होता, ओळ रुख्मिणीबाईंची.

महामाया लहान असताना कार्यक्रम आटोपून, वायरची वेटोळी खांद्यावर घेऊन ते घरी यायचे तेव्हा आत गाणं चाललेलं असायचं. दार वाजवलं की गाणं थांबायचं, म्हणून ते ओसरीत तसेच उभे राहायचे. पोर झोपायची, गाणं संपायचं, मग दार वाजायचं. शब्दांकडं त्यांचं कधी लक्ष नव्हतं. ते फक्त आवाज ऐकत असायचे. धंदाच तो होता. बाप नाही घरी, असं आत कुणी म्हणतंय आणि तो बाप भिंतीच्या अलीकडे उभा आहे, हे इतक्या वर्षांत त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. पोरीचा तर त्या ओळीला डोळा लागलेला असायचा. म्हणजे ती ओळ बाई कुणासाठी म्हणायच्या?

"चहा थंड झाला, काका," नौशाद म्हणाला आणि उगाच बाहेर जाऊन दुकानाची पाटी पुसायला लागला.

रविवारी कॉल आला. इयरफोन वायरचे, स्टिरिओ मिक्स चालू, हिरवी पट्टी जागी. यशू कुरकुरत मांडीवर आडवी झाली. महामायानं दोन ओळी म्हटल्या, तो उसासा आला, आणि सवयीनं ती तिथं थांबली.

भाऊंनी तिसरी ओळ म्हटली. चाल वाकडी झाली, पण शब्द नीट गेले.

पलीकडे महामायाचा थोपटणारा हात तसाच राहिला. "बाबा, तुमाले येते हे?"

"येते असं दिसते."

"मंग 'वायर गुंडाळ म्हणा आधी', हे कोनाले म्हने आई?"

"मले. दुसरं कोन वायर गुंडाळते आपल्या घरात?"

महामाया हसली. यशूही तिच्याकडं पाहून हसली. मग महामायाचं हसणं मधेच तुटलं आणि तिनं तोंड बाजूला वळवलं. जरा वेळानं तिनं पहिल्यापासून सुरुवात केली. दोन ओळी झाल्यावर ती बापासाठी थांबली. भाऊ म्हणाले. मग तिनं शेवटची ओळ म्हटली, अगदी रुख्मिणीबाई म्हणायच्या तशी, अर्धी लाडात आणि अर्धी टोमण्यात. यशू झोपली होती.

"बाबा," तिनं हळू आवाजात विचारलं, "आलं का रेकॉर्ड?"

भाऊ गडबडले. "कशाचं रेकॉर्ड?"

"कवाचे खाली कोपऱ्यात पाहून राह्यले तुमी. आईलेबी वायर दिसलीच होती."

रेकॉर्डिंग उत्तम आलं. गिरणी नाही, बकरी नाही, एकही 'हाव' नाही. लेकीचा श्वाससुद्धा आला. फक्त दुसऱ्या ओळीनंतर एक मोकळी जागा आहे. त्या जागेत यशूचं बोट चोखणं तेवढं ऐकू येतं. लॅपटॉपच्या पोटात जे वाजलं ते आलं. भाऊ बाहेरून जे म्हणाले ते आलं नाही.

नौशाद म्हणाला, "आणा इकडं, काका. दोन्ही आवाज एकसाथ घ्यायची सोय करून देतो. पुढल्या रईवारी तुमचाबी येईन."

"राहू दे बे," भाऊ म्हणाले. "तेवढी जागा माही हाय."

आता दुपारी गिरणी सुरू झाली, की भाऊ दार लावून घेतात आणि इयरफोन लावतात. नीज वो माये, कापसाची गादी, उसासा. मग त्यांची ओळ. महामाया कॉलवर थांबली होती तेवढीच ती जागा आहे, इंचभर जास्त नाही. भाऊ कधी आवाजात अडकतात, कधी उसाशापाशीच रेंगाळतात, आणि 'बाप नाही' म्हणेस्तोवर पुढची ओळ येऊनही जाते. मग ते मागं घेतात आणि पहिल्यापासून पुन्हा लावतात.